अंगाऱ्याची पुडी आणि नाक्यावरची झडती

पत्र :

ताई, माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात कामाला असतो. दुपारची पाळी संपवून रात्री एक-दीडला स्कूटरने डिचोलीला घरी येतो. गेल्या महिन्यात नाकाबंदीत त्याला अडवलं. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स सगळं त्याने दाखवलं. मग डिकी उघडायला सांगितली, ती उघडली. मग बॅग मागितली. तेव्हा हा इंग्रजीत म्हणाला, "मी झडतीला संमती देत नाही." मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकलाय. त्यावर पोलीस भडकले. बॅग ओढून घेतली आणि जीपच्या बॉनेटवर ओतली. जेवणाचा डबा, युनिफॉर्म, चार्जर आणि मी बांधून दिलेली अंगाऱ्याची पुडी. ती पुडी टॉर्चखाली उघडून हुंगली, अंगारा रस्त्यावर सांडला. मग खिसे तपासले. मग फोनचा लॉक काढायला लावून व्हॉट्सॅप वाचलं. दीड तास कठड्यावर बसवून ठेवलं आणि शेवटी "वच", म्हणजे जा, म्हणाले. काही सापडलं नाही, चलन नाही, कसला कागद नाही. तेव्हापासून घरात अबोला आहे. ह्यांचं म्हणणं, "पोलिसांनी मागितलं की दाखवून मोकळं व्हावं, आपण काय चोर आहोत?" मुलगा म्हणतो, "तो माझा हक्क होता." ताई, बरोबर कोण?
एक आई, डिचोली

उत्तर :

ताई, अंगारा कुठल्या देवळातला ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलाच्या बॅगेत तो कोण बांधून देतं आणि का, हे मला माहीत आहे, म्हणून पत्र वाचताना तिथेच थांबले. नाक्याचं नाव तुम्ही लिहिलंत, ते मी इथे गाळलं आहे. तक्रारीत ते घालायचं आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलाला जे वाटलं ते खरं होतं, पण त्याने जे वाक्य वापरलं ते आपल्या कायद्यातलं नव्हतं. आणि त्याचे वडील जे म्हणतात ते दहातल्या नऊ रात्री निभावून जातं, दहाव्या रात्री महागात पडतं. मी म्हापशात इतकी वर्षं वकिली केली, त्यात ती दहावी रात्र भोगलेली मुलं पाहिली आहेत. त्यामुळे मी मुलाच्या बाजूने जास्त आहे, हे लपवत नाही. पण त्याला पुष्कळ शिकायचंही आहे.

त्याचं ते वाक्य कुठून आलं ते सांगते, म्हणजे ते इथे का चाललं नाही हे त्याला कळेल. अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आहे. सरकारने विनाकारण झडती घेऊ नये, असं ती सांगते. ती मोडून पुरावा मिळवला तर तिथलं न्यायालय तो पुरावा सहसा बाजूला ठेवतं. म्हणून तिथल्या पोलिसांना माणसाच्या तोंडून "हो" हवा असतो. एकदा माणूस आपखुशीने हो म्हणाला की कारणही लागत नाही आणि वॉरंटही लागत नाही. तिथला यावरचा मोठा निकाल 1973 चा, श्नेकलॉथ विरुद्ध बुस्तामोंते. कॅलिफोर्नियात रात्री पावणेतीनच्या सुमारास एक मोटार अडवली, कारण एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता. आत सहा जण होते. पोलिसाने विचारलं, गाडी बघू का? त्यांच्यातला एक म्हणाला, बघा की. मागच्या सीटखाली चोरीचे तीन चेक चुरगळलेले निघाले. प्रश्न असा आला की आपण नाही म्हणू शकतो हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचा "हो" खरा धरायचा का? बहुमताने निकाल दिला की धरायचा. जोरजबरदस्ती नसली आणि एकूण परिस्थिती पाहता तो आपखुशीने दिलेला असला की पुरे, नकाराचा हक्क पोलिसांनी सांगितलाच पाहिजे असं नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी मात्र विरोधात लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. निवड करता येते हेच माहीत नसेल तर माणसाने निवड केली असं म्हणता येईल कसं? मला मार्शल पटतात. पन्नास वर्षं उलटली तरी रात्री रस्त्यावर अडवलेल्या पोराचा प्रश्न तोच आहे, मग ते पोर तिथलं असो की डिचोलीचं.

तिथल्या त्या "हो"मुळे तिथल्या "नाही"ला किंमत आली, आणि ते व्हिडिओ त्यातून जन्मले. आपल्याकडे पाया वेगळा आहे. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटलं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखं काही आपल्या घटनाकारांनी घातलेलं नाही. 1974 च्या पूरनमल निकालाने पुढे सांगितलं की झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. 2017 मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा निकालातला खासगीपणाबद्दलचा भाग मोडीत काढला. ही फार मोठी गोष्ट आहे, मी ती लहान करत नाही. पण नाक्यावर "मी संमती देत नाही" म्हटलं म्हणून बॅगेतला माल उद्या कोर्टात चालणार नाही, असं आजही आपल्याकडे घडत नाही. तुमच्या मुलाला वाटलं की हे वाक्य म्हणजे कुलूप. इथे ते कुलूप नाही.

मग काहीच नाही का? आहे, आणि बरंच आहे. पण प्रत्येक गोष्टीचा नियम वेगळा आहे. कागद, बॅग, अंग, फोन आणि सही, या सगळ्यांना एकच "हो" किंवा एकच "नाही" लावायला गेलं की फसायला होतं.

कागदांचा भाग सोपा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे वर्दीतल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं. इथे संमतीचा प्रश्नच येत नाही. आरसी आणि इन्शुरन्सवरूनही वाद घालू नये. डिजिलॉकरमधले चालतात. दारूच्या संशयावरून फुंकायला सांगितलं तर फुंकावं. नकार दिला तर तो नकारच पुढे तुमच्याविरुद्ध धरता येतो. मुलाने हे सगळं नीट केलं, शाबासकी द्या.

आता डिकी आणि बॅग. इथे जरा थांबू या, कारण सगळा घोळ इथेच होतो.

नाक्यावरचा शिपाई काय म्हणतो? "कितें आसा रे बॅगेंत? दाखय." हे विचारणं आहे की हुकूम? बोलण्यावरून कळत नाही. वर्दी, टॉर्च, रात्रीचा दीड आणि आडवं लावलेलं बॅरिकेड पाहता पोरगा तो हुकूमच समजणार, आणि दाखवणार. पण उद्या काही निघालंच, तर कागदावर शब्द येतो 'स्वखुशीने'. आरोपीने आपली बॅग स्वखुशीने उघडून दाखवली. मी असे किती पंचनामे वाचले असतील! इंग्रजीत असतात बहुतेक, आणि त्यात त्या एका शब्दात अख्खी रात्र गायब होते. कोणी दरडावलं, किती वेळ बसवलं, पोरगा थरथरत होता का, काही नाही. उरतं फक्त 'स्वखुशीने'.

हा शब्द इतका सोयीचा का, तेही समजून घ्या. पोलिसाला स्वतःच्या अधिकारात झडती घ्यायची तर कारण लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे 1985 च्या एनडीपीएसमध्ये, झडतीसाठी तसं मानायला सबळ कारण हवं. 2021 मध्ये बूटा सिंग विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी गाडी रस्त्यावर उभी असली तरी ती सार्वजनिक जागा होत नाही, तिला कलम 42 लागतं. कलम 42 म्हणजे अधिकारी शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा हवा आणि मिळालेली खबर किंवा संशयाचं कारण लिहून ठेवलेलं हवं. त्याच कायद्याच्या कलम 58 मध्ये, संशयाला वाजवी कारण नसताना झडती घेणाऱ्या किंवा त्रास द्यायला माणसाला अडकवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे कलम फारच थोड्यांना माहीत असतं. आता बघा, पोरगा आपणहून बॅग उघडतो म्हटल्यावर कारण लिहायची निकड कुणाला वाटणार? म्हणून तुमच्या यजमानांचं "दाखवून मोकळं व्हावं" मला जड जातं.

त्यांचं दुसरं वाक्य, "आपण काय चोर आहोत?", तेही मला कळतं. आपल्या पिढीने असंच म्हणत अब्रू सांभाळली. पण एक सांगा, स्कूटर नेहमी मुलाचीच असते का? किनारी भागात नोकरी करणारी पोरं एकमेकांची गाडी घेतात, काळ्या नंबरप्लेटची भाड्याची गाडी मित्राकडून घेतात, पाहुण्याचं पाकीट "जाता जाता देऊन ये" म्हणून हातात पडतं. माझा एक पक्षकार असाच होता. वय तुमच्या मुलाएवढंच. स्कूटर सोबतच्या कामगाराची, डिकीत रेनकोटखाली सिगारेटचं पाकीट, पाकिटात चरस. पोरगा धूम्रपानसुद्धा करत नव्हता. डिकी त्याने हसत हसत उघडून दिली होती, कारण आपण चोर नाही हे त्याला ठाऊक होतं. एनडीपीएसच्या कलम 54 मध्ये असं आहे की माल जवळ सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असं धरून चालतात, आणि नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. तो सुटला. पण तोवर त्याच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं.

त्यामुळे मुलाला पहिली सवय ही लावा की दुसऱ्याची गाडी घेतली तर किल्ली फिरवण्याआधी डिकी स्वतः उघडून, रेनकोट उचलून बघायचा. कुणाचं बंद पाकीट न्यायचं नाही, पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी.

आणि नाक्यावर बॅग मागितली तर त्याने काय म्हणावं? इंग्रजी वाक्य नको. ज्या भाषेत अडवलं त्या भाषेत, आवाज खाली ठेवून विचारावं, "सायबा, बॅग दाखोवंकूच जाय? दुबाव कसलो?" मराठीत म्हटलं तरी चालेल, "साहेब, दाखवायलाच पाहिजे का? संशय कसला आहे?" या प्रश्नात भांडण नाही. पण हा हुकूम की विनंती, ते समोरच्याला ठरवावं लागतं, आणि कारण सांगावं लागतं. पुष्कळदा एवढ्यावरच हात मागे येतो. नाही आला, "दाखव म्हटलं ना" असं उत्तर आलं, तर बॅग घट्ट धरून ठेवायची नाही. झटापट अजिबात नाही. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 172 प्रमाणे, गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसाने दिलेली कायदेशीर सूचना पाळावी लागते, आणि न पाळणाऱ्याला बाजूला नेऊन ठेवता येतं. सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलमही तयार असतं. त्याने शांतपणे एवढंच म्हणावं, "मी अडवत नाही. पण ही माझी खुशी नाही." हे वाक्य त्या क्षणी काही थांबवणार नाही. पुढे कधी 'स्वखुशीने' हा शब्द कागदावर आलाच, तर मात्र ते उपयोगी पडेल. वकिलाला धरायला काहीतरी लागतं, ताई.

मग बॅग शक्यतो स्वतः उघडून एकेक वस्तू बाहेर काढून ठेवावी, त्यांच्या टॉर्चच्या उजेडात. दुसऱ्याचा हात आत जाणार असेल तर "माझ्यासमोर, दिव्यात" एवढा आग्रह धरावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम 105 प्रमाणे जागेची झडती आणि जप्ती यांचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं आहे, मोबाइलवर चालतं, आणि ते वेळ न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. "साहेब, व्हिडिओ घेताय ना?" असं विचारायला म्हणूनच हरकत नाही.

खिशात हात घालणं ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि इथे कायद्याने मुलाच्या हातात खरोखर काहीतरी दिलं आहे. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल तर एनडीपीएसच्या कलम 50 प्रमाणे त्याला आधी सांगावं लागतं की जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. राजपत्रित म्हणजे उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी अशा दर्जाचा. 1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी हे सांगणं पोलिसांचं कर्तव्य ठरवलं, आणि 2010 मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात पुन्हा पाच न्यायमूर्तींनी म्हटलं की हे काटेकोर पाळायचं, साधारण पाळलं म्हणून भागणार नाही. न सांगता अंगावरून माल काढला तर त्या जप्तीवर शिक्षा टिकत नाही. अमेरिकेत गाडी थांबवणाऱ्या पोलिसावर जे बंधन नाही, ते इथे आहे. हक्क आहे हे आधी तोंडाने सांगायचं! मार्शल यांचं म्हणणं आपण एका कोपऱ्यात का होईना, मान्य केलं आहे.

2014 मध्ये परमानंद खटल्यात न्यायालयाने आणखी एक पळवाट बुजवली. अधिकारी म्हणतो, मॅजिस्ट्रेट हवा का, राजपत्रित अधिकारी हवा का, की आम्हीच घेऊ? रात्री दीडला दमलेला पोरगा म्हणणारच, घ्या तुम्हीच. न्यायालय म्हणालं, हा तिसरा पर्याय पुढे करायचाच नाही. हक्क समजल्यावर माणूस स्वतःहून नको म्हणाला तर गोष्ट वेगळी. म्हणून मुलाला एवढंच पाठ करायला सांगा, "मला अधिकाऱ्यासमोर झडती हवी." अंगाला हात लावण्याआधी म्हणायचं. वेळ जाईल. दोन तास जातील. जाऊ देत.

पण हे कलम फक्त अंगाला आहे. 2005 च्या पवनकुमार निकालाप्रमाणे हातातली बॅग म्हणजे अंग नव्हे, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं. बॅगेसाठी "मॅजिस्ट्रेट बोलवा" म्हणून अडून बसलं तर मुलाचाच मुद्दा पडेल. तुमच्या घरात मुलगी असेल तर तिला हेही सांगून ठेवा की स्त्रीची अंगझडती स्त्रीच घेऊ शकते. तिथे महिला पोलीस नसेल तर झडती थांबली पाहिजे. यावर तडजोड नाही.

फोनबद्दल वाचून मला राग आला. लायसन्स तपासायला थांबवलेल्या माणसाचं व्हॉट्सॅप वाचायची मुभा मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही. फोनमध्ये त्याचा पगार आहे, मित्रांची भांडणं आहेत, कुणा मुलीशी बोलणं असेल, तुम्ही पाठवलेला "जेवलास का?" आहे. गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त करता येतो, पण मग गुन्हा हवा, जप्तीचा कागद हवा. रस्त्यावर उभं करून अंगठा लावायला लावणं म्हणजे तपास नव्हे. डिजिलॉकर दाखवण्यासाठी फोन काढावा लागतो, तिथूनच पुष्कळदा सुरुवात होते. दाखवताना फोन आपल्याच हातात ठेवावा, नाहीतर लायसन्सचं कार्ड खिशात ठेवावं, म्हणजे फोन काढायचीच गरज नाही. आणि मागितलाच तर, "साहेब, फोन जप्त करताय का? मग पावती द्या." धमकीच्या सुरात नाही. मुलगा त्या रात्री घाबरून लॉक काढून बसला, त्यात त्याचा दोष नाही. बावीस वर्षांच्या पोराने अंगारा रस्त्यावर सांडताना नुकताच पाहिला होता, तो अजून काय करणार?

दीड तास बसवून ठेवलं त्याबद्दल. त्याला अटक झाली नव्हती आणि जायलाही देत नव्हते. या मधल्या अवस्थेला घाबरायचं नाही, तिला नाव द्यायला लावायचं. "साहेब, मी जाऊ का? की मला ताब्यात घेतलंय?" ताब्यात घेतलं असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना किंवा मित्राला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. ताब्यात घेतलं नसेल तर जाऊ द्यावं लागतं. हा प्रश्न दर पंधरा मिनिटांनी विचारला तरी चालेल, तेवढ्याच नम्रपणे. आणि पहिल्या दहा मिनिटांत घरी एक फोन, "अमुक नाक्यावर थांबवलंय." मुलाने तो केला नाही असं दिसतं. बाबा ओरडतील म्हणून केला नसेल, तर हे ह्यांच्या कानावर घाला.

सहीचं राहिलं. तुमच्या मुलाला कशावर सही करायला लावली नाही, हे त्या रात्रीचं सुदैव. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या छापील फॉर्मवर, न समजणाऱ्या इंग्रजी मजकुरावर सही नाही. "वाचून दाखवा, कोकणीत किंवा मराठीत समजावा." गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा दिली. आपल्या भाषेत समजून मागणं हा उद्धटपणा नव्हे. सही करावीच लागली तर खाली स्वतःच्या हाताने लिहावं, "वाचून दाखवले नाही" किंवा "स्वखुशीने नाही", जे खरं असेल ते. जप्ती झाली असेल तर यादीची प्रत मागावी.

नाक्यावर उभ्या पोलिसांबद्दलही दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हणजुणे, वागातोर, मोरजी, हरमल हा पट्टा रात्री काय असतो, हे आपण सगळे जाणतो. दारू पिऊन गाडी हाणणारे आपल्याच पोरांना उडवतात. नाकाबंदी नको असं मी कधीच म्हणणार नाही. पावसात, छत नसलेल्या जागी बारा-बारा तास उभे राहणारे शिपाई आपल्याच गावचे असतात. पण म्हणूनच संशय कुणावर आणि का, याचा हिशेब हवा. डबा घेऊन घरी जाणाऱ्या कामगाराची बॅग ओतून किनाऱ्यावरचा धंदा बंद होत नाही.

आता तक्रारीचं. करायची की नाही हे मुलाने ठरवावं, तुम्ही किंवा ह्यांनी नाही. करायची असेल तर आज रात्री त्याला वही घेऊन बसवा. तारीख, किती वाजता अडवलं, किती वाजता सोडलं, नाका, त्याच्या स्कूटरचा आणि पोलीस जीपचा नंबर, छातीवरच्या पट्टीवर वाचलेलं नाव, कुणी काय म्हटलं ते त्याच शब्दांत. आठवत नाही ते भरायचं नाही. हा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. त्यांच्याकडून काही झालं नाही तर पणजीला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. 2006 च्या प्रकाशसिंग निकालातून राज्याराज्यांत ही प्राधिकरणं आली. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. अर्जात सूड नको, अंगारा मात्र लिहायला विसरू नका. पुडी उघडून हुंगली आणि सांडली, असं एका ओळीत, विशेषणांशिवाय. वाचणाऱ्याला कळेल.

राहता राहिला अबोला. ह्यांना हे पत्र वाचायला द्या, पण "बघा, ताई पोराच्या बाजूने आहेत" असं म्हणून देऊ नका. ह्यांना मुलासाठी भीती वाटते, ती भीती ते रागाने बोलतात. मुलालाही सांगा की वडिलांचा सल्ला भित्रेपणाचा नव्हता, तो त्यांच्या अनुभवाचा होता. दोघांना एक काम द्या. रविवारी अंगणात स्कूटर उभी करा, ह्यांना पोलीस करा आणि "कितें आसा रे बॅगेंत?" असं दरडावून विचारायला लावा. मुलाला उत्तर द्यायला लावा, आवाज न चढवता, हात न थरथरवता. पहिल्या खेपेला जमणार नाही. चार खेपा करा.

आणि पुडी पुन्हा बांधून द्या. या वेळी पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत बांधा, म्हणजे कुणाला उघडून बघायची गरज पडणार नाही. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठवा, मी वाचून देते.